जागेपणी झालेलं मेंदूचं ऑपरेशन आणि ऑपरेशन थिएटरमधली (ओटीतली) सोनोग्राफी

घरी आल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच विचारतंय, जागी होतीस म्हणं, मग दुखलं नाही का गं? तर नाही दुखलं. मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही, डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं आवरण यांना कळतं आणि तिथं बधिर करायची इंजेक्शनं दिलेली असतात. एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं आणि विषय दुसरीकडं जातो. मला जे सांगायचंय ते मात्र कुणीच विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहितीय. डोकं उघडल्यावर गाठ कुठं संपली आणि चांगला मेंदू कुठं सुरू झाला हे डॉक्टरांना कळतं कसं? एमआरआय असतोच की, असं कुणीही म्हणेल. असतो, पण तो ऑपरेशनच्या आधी काढलेला असतो, आणि कवटी उघडली की ते चित्र तिथूनच जुनं व्हायला लागतं. माझ्या ऑपरेशनमध्ये मधेमधे थांबून डोक्यातच सोनोग्राफी केली, मी तेव्हा जागी होते, सगळं ऐकत होते, आणि त्या सोनोग्राफीमुळं काय फरक पडला ते मला नंतर फोटोत दाखवलं पण.

आधी थोडं मागचं. मी पलूस तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ३६. चौथीच्या वर्गावर शिकवता शिकवता एक दिवस बोलणंच थांबलं. शब्द डोक्यात आहे, पोरं समोर दिसतायत, ऐकू येतंय, पण तोंडातनं आवाज नाही आणि ओठाचा उजवा कोपरा आपोआप उडतोय. मिनिटभर असेल. पोरांनी पळत जाऊन शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना आणलं तोवर थांबलंही होतं. घरी सगळ्यांनी बीपी, पित्त, उपवास अशी कारणं काढली, पण सांगलीतल्या फिजिशियननी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले ही फिट आहे, एमआरआय करून या. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला पुढच्या भागात, जिथनं बोलणं चालतं त्या जागेला लागून गाठ निघाली. रिपोर्टमध्ये लो ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूतलीच हळू वाढणारी गाठ, असावा असं लिहिलेलं. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊनही गाठ उजळली नव्हती, नुसती एका प्रकारच्या फोटोत पांढरट ढब्ब दिसत होती, कडा धड नाहीत.

मिरज आमच्यापासनं जवळ आणि दवाखान्यांचं गाव, आमच्या आजेसासऱ्यांच्या काळापासनं काही झालं की मिरज हे ठरलेलंच. तिथल्या न्यूरोसर्जननी फिल्म लाइटवर लावून बघितल्या आणि पहिलं विचारलं, सीडी कुठाय? ज्या सेंटरवर आम्ही स्कॅन केला होता तिथं सीडी दिली होती पण ती उघडेना, आणि दुसरी मागायला यांना पाठवलं तर डेटा आता सिस्टिमवर नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाले तसंही हा स्कॅन मला ऑपरेशनला चालणार नाही, यातले काप जाड आहेत, मधे गॅप आहेत. हे मला वाटतं प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना माहीत पाहिजे. निदानासाठी काढलेला एमआरआय वेगळा आणि ऑपरेशनच्या नेव्हिगेशनसाठी, म्हणजे डॉक्टरांना डोक्यात जागा दाखवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी, काढलेला वेगळा. नेव्हिगेशनच्या स्कॅनमध्ये साधारण एकेक मिलिमीटरचे काप लागतात, मधे जागा न सोडता, आणि नुसता मेंदू नाही तर कपाळ, नाक, भुवया सगळा चेहरा त्यात यावा लागतो. का ते पुढं सांगते. त्यामुळं पहिल्या स्कॅनचे पैसे गेल्यासारखेच झाले.

मग यांचं आणि माझ्या दादाचं चर्चासत्र सुरू झालं. दादा पुण्याला असतो, त्यानं आठवड्याभरात इतकं वाचलं की डॉक्टरांपुढं वही घेऊन बसला. त्याचा पहिला प्रश्न असा की गाठ हळू वाढणारी आहे तर आत्ताच कशाला उघडायचं, नुसता तुकडा काढून तपासू आणि लक्ष ठेवू. त्यावर डॉक्टरांनी नॉर्वेतल्या दोन हॉस्पिटलांचा अभ्यास सांगितला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. एका हॉस्पिटलची पद्धत होती बायोप्सी करून वाट बघायची, दुसऱ्याची पद्धत लवकर ऑपरेशन करून होईल तेवढी गाठ काढायची, पेशंट साधारण सारखेच, आणि दुसऱ्या हॉस्पिटलचे पेशंट जास्त काळ जगले. ते दुसरं हॉस्पिटल ट्रॉन्डहाइम गावातलं, आणि तिथं ऑपरेशन चालू असताना थ्रीडी सोनोग्राफी बघत बघत गाठ काढायची पद्धत होती. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये सोनोग्राफी हे मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं पोट येतं. आणि कवटी बंद असताना मोठ्या माणसाच्या मेंदूची सोनोग्राफी नीट होतच नाही, हाडातनं लहरी पुरेशा जात नाहीत, हाड काढल्यावरच होते.

दादाचा दुसरा प्रश्न होता की मोठ्या शहरात ओटीतच एमआरआय मशीन असतं, तिकडं का नको. आम्ही मुंबईला जाऊन दुसरं मतही घेऊन आलो. ओटीतला एमआरआय ही गोष्ट जगात सुरू झाली १९९४ साली, अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगहम हॉस्पिटलात. जर्मनीत फ्रँकफर्टला त्याची नीट तुलना करून बघितली होती, ती २०११ ला छापून आली. ज्या गाठी कॉन्ट्रास्टनं उजळतात त्यांच्यात ओटीत एमआरआय वापरला तर ९६ टक्के पेशंटमध्ये गाठ पूर्ण निघाली आणि न वापरता ६८ टक्के. पेशंट थोडेच होते, पन्नासच्या आत, पण आकडा ऐकून दादा तिकडंच झुकला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. मशीन कोट्यवधीचं, ओटी सगळी त्याच्या चुंबकाला धरून बांधावी लागते, हत्यारं चुंबकाला न चिकटणारी लागतात, आणि एकदा मधे स्कॅन करायचा म्हटलं तरी जखम झाकून पेशंटला मशीनमध्ये घालून परत काढेपर्यंत तासभर किंवा जास्तच. सोनोग्राफी मात्र पाच-दहा मिनिटांचं काम, हवी तितक्यांदा करता येते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जन मंडळींनीही नेव्हिगेशनला जोडलेल्या थ्रीडी सोनोग्राफीवर बरंच काम करून प्रसिद्ध केलंय, हे पण तिथंच कळलं. तिसरा एक प्रकार असतो, ऑपरेशनच्या आधी एक औषध प्यायला देतात आणि निळ्या उजेडात गाठ गुलाबी चमकते. पण ते वाढलेल्या ग्रेडच्या गाठीत चांगलं चालतं, माझ्यासारखी लो ग्रेड सहसा चमकत नाही, म्हणून तो विषय तिथंच संपला. मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं, तुमच्या सर्जनना सोनोग्राफीचा हात आहे आणि जागेपणीचं ऑपरेशन ते करतात, मग घरापासनं लांब येऊन वेगळं काय मिळणार. हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण आमची लहान पोरगी आहे आणि आत्यांचे गुडघे गेलेत, महिनाभर मुंबईत कोण कुठं राहणार.

आता नेव्हिगेशन. आधी काढलेला एमआरआय कॉम्प्युटरमध्ये घालतात, ओटीत इन्फ्रारेड कॅमेरा असतो, डॉक्टरांच्या हातातल्या दांडीला चकाकणारे छोटे गोळे असतात, कॅमेऱ्याला ते गोळे दिसतात आणि दांडीचं टोक डोक्यात कुठं टेकलंय ते एमआरआयच्या चित्रावर दिसतं. हे ऐकायला इतकं भारी वाटतं की यापुढं आणखी काय पाहिजे असं वाटतं. पण डॉक्टरांनी यांना कागदावर काढून समजावलं. मेंदू कवटीत पाण्यात तरंगल्यासारखा असतो. आवरण उघडलं की ते पाणी वाहून जातं, सूज उतरायची औषधं दिलेली असतात, गाठ काढली की तिथं पोकळी होते, त्यामुळं मेंदू खाली बसतो, सरकतो. कधी काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरच्या वर. कॉम्प्युटरला हे कळत नाही, तो आपला जुन्या चित्रावरच बोट ठेवत राहतो. मला हे लगेच समजलं, कारण आमच्याकडं २०१९ च्या महापुरानंतर हेच बघितलंय, गटाचा नकाशा तोच पण कृष्णेनं बांध खाल्लेला आणि मळी सरकलेली, नकाशावरनं कुणी काठी रोवायला गेलं की ती भलत्याच ठिकाणी. नकाशा खोटा नव्हता, जमीन हलली होती. तेव्हा परत मोजणी लावावी लागली. ओटीतली सोनोग्राफी म्हणजे ती परत मोजणी.

आणि माझ्यासारख्या गाठीत ही मोजणी फार महत्त्वाची कारण ती डोळ्याला वेगळी दिसत नाही. मायक्रोस्कोपखालीसुद्धा रंगात आणि मऊपणात चांगल्या मेंदूसारखीच असते बरेचदा. सोनोग्राफीत मात्र ती पांढरी दिसते, आजूबाजूचा मेंदू करडा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नेव्हिगेशनचा एमआरआय झाला. टेक्निशियननी डोक्याला घट्ट पॅड लावले नाहीत, कारण कातडी दाबली गेली तर दुसऱ्या दिवशी ओटीत चेहऱ्याशी जुळणी चुकते. त्याच्यातच बोलण्याची जागा शोधायचा भाग होता, पडद्यावर अक्षर यायचं आणि त्यावरनं सुरू होणारे शब्द मनातल्या मनात म्हणायचे, ओठ हलवायचे नाहीत. मशीनच्या त्या धडधडीत क, ग, म वरनं शब्द आठवत पडून राहायचं. शिवाय मज्जातंतूंच्या वाटा रंगात दाखवणारा एक स्कॅन. संध्याकाळी स्पीचच्या मॅडम येऊन बसल्या, फार गोड बाई. त्यांच्याकडं चित्रांचा गठ्ठा होता, एकेक चित्र दाखवून मी "ही विळी आहे", "हा नांगर आहे" असं पूर्ण वाक्य म्हणायचं. ज्या चित्राला मी जरा जरी अडले ते त्यांनी बाजूला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी अडखळले तर ते ऑपरेशनमुळंच अडखळले हे नक्की कळावं म्हणून.

सकाळी लवकर नेलं. फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली. ट्रॉलीवरनं जाताना ओटीच्या भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ची पाटी दिसली, मेंदूच्या ओटीतसुद्धा सोनोग्राफी मशीन म्हटलं की कायद्यानं नोंदणी आणि पाटी आलीच. त्या पाटीकडं बघून मला एकदम धीर आला, म्हणजे मशीन इथंच आहे, ऐनवेळी कुठनं आणायचं नाही.

खरं दुखलं ते डोक्याच्या कातडीत बधिर करायची इंजेक्शनं देताना, भुवईवर, कानामागं, गोल सगळीकडं. ते सहन करायलाच लागतं. मग डोकं तीन पिनांच्या पकडीत घट्ट बसवलं, दुखलं नाही पण दाब भयंकर, पाच-दहा मिनिटांनी तोही सवयीचा झाला. उजव्या कुशीवर झोपवून पाठीला उशा, अंगावर गरम हवेचं पांघरूण. भूलतज्ज्ञ मॅडम माझ्या तोंडासमोरच स्टुलावर बसल्या, म्हणाल्या ताई, शेवटपर्यंत मी इथंच आहे, काही लागलं तर नुसतं सांगायचं.

मग जुळणी. ती गोळ्यांची दांडी डॉक्टरांनी माझ्या कपाळावरनं, भुवयांवरनं, नाकाच्या दांड्यावरनं हळूहळू फिरवली, कॉम्प्युटर बीप बीप करत होता. चेहरा स्कॅनमध्ये का पाहिजे ते हे, या चेहऱ्यावरनं तो स्कॅन आणि माझं खरं डोकं जुळवतो. झाल्यावर दांडी नाकाच्या शेंड्याला लावली, मग डोळ्याच्या कोपऱ्याला, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर मान वर करून स्क्रीन बघायचे की तिथंही तीच जागा दिसतीय का. दोन मिलिमीटरच्या आत आहे, चालतंय, असं म्हणाले. मधेच कुणीतरी कॅमेऱ्याच्या आड आलं की मशीन बंद व्हायचं आणि "कॅमेऱ्यासमोरनं बाजूला व्हा" असा आवाज यायचा, हे पुढं दिवसभर चाललं.

हाड कापताना मला झोपवलं होतं त्यामुळं त्यातलं काही आठवत नाही. जाग आली ती भूलतज्ज्ञ मॅडमच्या हाकेनं. घसा कोरडा पडलेला, त्यांनी ओल्या कापसानं ओठ पुसले. माझ्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा तंबूसारखा बांधलेला, त्याच्या आत मी, त्या, आणि चित्रं घेऊन स्पीचच्या मॅडम. पलीकडं डॉक्टर, दिसत नव्हते, नुसता आवाज. आवरण उघडायच्या आधीच पहिली सोनोग्राफी केली, प्रोबला, म्हणजे सोनोग्राफीत टेकवून बघायच्या भागाला, निर्जंतुक पिशवी घालून. रेडिऑलॉजिस्ट पण आले होते. म्हणजे गाठ सोनोग्राफीत कशी दिसते हे सुरुवातीलाच बघून एमआरआयशी ताडून ठेवायचं, नंतर सगळं बदलल्यावर पहिल्यांदा बघायला गेलं तर काही ओळखू येणार नाही.

मग मेंदूला हलका करंट देऊन बोलण्याच्या जागा शोधणं, करंट लागल्यावर बोलणं अडलं की ती जागा बोलण्याची. मी एक ते दहा मोजत राहायचं, मग चित्रं. "हा बैल आहे. हे कुलूप आहे." आणि मधेच विळीच्या चित्राला मी "ही" म्हणाले आणि पुढं काही नाही. विळी समोर दिसतीय, तिचा आवाज सुद्धा कानात आहे, सासरी आल्यावर त्याच विळीवर भाज्या चिरल्यात, पण शब्दच येईना. वर्गात झालं होतं तस्संच. दोन सेकंदात करंट काढला आणि शब्द धाडकन बाहेर पडला. स्पीचच्या मॅडम मोठ्यानं म्हणाल्या "स्टॉप", पलीकडनं डॉक्टर म्हणाले "परत बघू". दुसरीकडं फिरून परत त्याच जागी आले, परत अडकलं. मग त्या जागेवर नंबराचा इवलासा कागद ठेवला. करंटनं फिट येऊ शकते म्हणून बर्फासारखं थंड सलाईन तयार ठेवलेलं असतं, माझ्या वेळी ते लागलं नाही.

गाठ काढायला लागले तेव्हा माझं बोलणं चालूच ठेवलं होतं. शाळा, पोरं, पोषण आहार, द्राक्षाची छाटणी, मॅडम काहीही विचारायच्या आणि मी सांगायची. पाढे म्हणायला लावले. मधे ओढायच्या मशीनचा चिरका आवाज. आणि मग सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "नेव्हिगेशन म्हणतंय आपण कडेला पोचलो. सोनो घ्या."

हा भाग मी कान देऊन ऐकला. गाठ काढलेल्या पोकळीत सलाईन भरायला सांगितलं. प्रोब आणि मेंदूच्या मधे हवा राहिली तर चित्रच येत नाही, म्हणून बुडबुडे निघून जाईपर्यंत सगळे थांबले, कुणीतरी म्हणतंय अजून एक आहे, अजून एक. मोठे दिवे कमी केले. मग रेडिऑलॉजिस्ट म्हणाले, "मागं पांढरं आहे अजून. खाली, आतल्या बाजूला." डॉक्टर म्हणाले ते सलाईनमुळं उजळलेलं नाही ना? ही शंका बरोबर असते, हे मला नंतर सांगितलं. पाण्यानं भरलेल्या पोकळीच्या तळाशी सोनोग्राफीत नेहमीच एक उजळ पट्टा दिसतो, रक्त असलं तरी पांढरं दिसतं, त्याला गाठ समजून काढत गेलं तर चांगला मेंदू जायचा. म्हणून त्यांनी प्रोब तिरका करून, वेगळ्या बाजूनं, परत परत बघितलं. उजळपणा जागचा हलला नाही, जाड होता आणि कड वेडीवाकडी होती. तिथला बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि तिकडनं गाठच आहे असा निरोप आला. म्हणजे जुन्या चित्राच्या हिशेबानं काम संपलं होतं आणि ताज्या चित्रात गाठ शिल्लक होती. तिथनं पुढं बराच वेळ काढत राहिले, मी पाढे, महिने, पोरांची हजेरी सगळं म्हणत होते आणि जीभ जड होत चाललेली.

पुढच्या सोनोग्राफीत अगदी थोडी पांढरी कड राहिली होती, नंबराच्या कागदाच्या खालच्या अंगाला. तिथं करंट लावला आणि मी परत अडकले, या वेळी नुसता शब्द नाही तर वाक्यच तुटलं. डॉक्टर पडद्याच्या जवळ आले आणि मला म्हणाले, "मॅडम, इथं थोडं ठेवतोय. तुमचं बोलणं आहे इथं." मी हो म्हणाले. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, उलट फार विश्वास वाटला. मशीननं दाखवलं की गाठ आहे, आणि मी दाखवलं की इथं हात लावू नका. दोन्ही एकाच वेळी त्यांना कळत होतं म्हणून एका बाजूला पुढं जाता आलं आणि दुसऱ्या बाजूला थांबता आलं. नुसतं चित्र असतं तर कदाचित ती कडही काढली असती आणि मी आज शाळेत उभी राहू शकले नसते.

बाहेर यांची आणि दादाची काय अवस्था होती ते मला नंतर कळलं. ओटीबाहेरच्या बाकड्यावर बसून, सांगितलेली वेळ उलटून गेली तसा यांचा धीर सुटत चाललेला. एक सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, सोनोग्राफी चाललीय, अजून वेळ लागेल, पेशंट बोलतायत. "बोलतायत" ऐकून हे रडले म्हणं. ज्यांचं माणूस अशा ऑपरेशनला आत जाणार आहे त्यांनी हे आधीच धरून चालावं, मधे थांबून बघणं म्हणजे काही बिघडलं असं नसतं. वेळ वाढतो तो त्यासाठीच.

पहिले काही दिवस माझं बोलणं फार हळू होतं. नावं आठवायची नाहीत, चमच्याला "ते, खायचं" म्हणायची. हे होणार हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, आणि स्पीचच्या मॅडमनी रोज घरचा अभ्यास दिला. लेकीनं तिची पहिलीची चित्रांची पुस्तकं काढून माझी शिकवणी घेतली. हळूहळू आलं सगळं.

ऑपरेशननंतर पहिल्या ७२ तासांत एक एमआरआय करतात, माझाही केला. उशीर केला तर जखम भरून येतानाचे बदल दिसायला लागतात आणि गाठ राहिलीय की भरून येतंय हे ओळखणं अवघड जातं. त्यात डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच पातळ पट्टी राहिलेली दिसली, तीही सांगितलेल्याच जागी. नंतर ओपीडीत त्यांनी ओटीत साठवलेले सोनोग्राफीचे फोटो दाखवले. पहिल्या फोटोत गाठ चांगली मोठी, पांढरी, दाणेदार, तिच्या बाजूला पाण्याचा कप्पा पूर्ण काळा, आणि मेंदूच्या दोन भागांमधली ठळक पांढरी रेघ. दुसऱ्या फोटोत मधे काळी पोकळी आणि तिच्या तळाला डावीकडं एक पांढरा जाड तुकडा. त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले हा आपण सोडून आलो असतो. तो तुकडा बघून मी आणि हे दोघंही काही बोललो नाही.

बायोप्सीत ग्रेड २ चा ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा, म्हणजे ग्लायोमाचाच एक प्रकार, आला, त्याच्या जनुकीय तपासण्याही झाल्या, आयडीएच आणि १पी१९क्यू. या तपासण्या आता नावापुरत्या नाहीत, २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गाठीचं नावच त्यांच्यावर ठरतं. लगेच रेडिएशन न देता ठरावीक अंतरानं एमआरआय करत लक्ष ठेवायचं ठरलं, वय कमी आणि राहिलेली गाठ थोडी म्हणून. प्रत्येकाचं वेगळं ठरतं, माझं बघून कुणी आपलं ठरवू नये.

खर्चाचं म्हणाल तर बिलात नेव्हिगेशन वेगळं, प्रोबचं निर्जंतुक कव्हर वेगळं, सोनोग्राफी वेगळी असं येतं. मी शिक्षिका असल्यामुळं वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाइल केली, तर एका टेबलावरनं विचारणा आली की मेंदूच्या ऑपरेशनमध्ये सोनोग्राफी कशासाठी. मला राग आला होता पण डॉक्टरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, ऑपरेशनच्या नोट्स आणि ते फोटो जोडले, आणि फाइल पुढं गेली. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच ऑपरेशन नोट्समध्ये सोनोग्राफीचा उल्लेख आहे ना ते बघून घ्यायचं, नंतर मागायला फेऱ्या पडतात.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका बाईंच्या मुलाला अशीच गाठ निघालीय, त्यांनी मला विचारलं डॉक्टरांना काय काय विचारू. मी त्यांना सांगितलं की घाबरून गप्प बसू नका, सरळ विचारा, डोकं उघडल्यावर गाठ किती राहिली हे तुम्ही तिथंच कशावरनं बघणार? सोनोग्राफी आहे का, ती बघायला कोण असतं, नसेल तर दुसरं काय आहे? गाठ बोलण्याच्या किंवा हातापायाच्या जागेजवळ असेल तर जागं ठेवून करणार का, नाही तर का नाही? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत, आमचे तर खुर्ची ओढून बसले आणि चित्र काढून सांगायला लागले. आणि लहान दवाखान्यात एमआरआयवाली ओटी नाही म्हणून तिथं काहीच होत नाही असंही नाही, सोनोग्राफीचं मशीन खूप ठिकाणी असतं, ते मेंदूत वापरायचा सराव असलेला माणूस मात्र लागतो, सराव नसेल तर पांढऱ्या आणि करड्यात फसगत होते.

माझा पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. ती पट्टी आहे तेवढीच आहे की वाढलीय हे ७२ तासांच्या आतल्या एमआरआयशी लावून बघणार, म्हणून त्या स्कॅनच्या सीडी दोन केल्यात, एक पेनड्राइव्हमध्ये घातलाय आणि तो दादाकडं पुण्याला ठेवलाय. स्कॅन त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करायचा असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, म्हणजे काप सारखे येतात.